च्युइंग गममुक्त गल्ली

शरच्चंद्र मिठबावकर तीन महिने सिंगापूरला लेकीकडे राहून आले आणि मुलुंड त्यांच्या मनातून साफ उतरलं. मुलुंडला याची काही खबर नव्हती. ते आपलं नेहमीप्रमाणे थुंकत, खोदत आणि हॉर्न वाजवत राहिलं.

विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. ऑफिसात सगळा विभाग उठून उभा राहायचा, घरात चहासुद्धा मागून घ्यावा लागतो. असा माणूस मग गल्ली चालवायला घेतो. शरच्चंद्रांनी मुलुंड पूर्वेची आपली गल्ली आधीच चालवायला घेतली होती. सिंगापूरनंतर तिच्यात त्यांना काही राम वाटेना. दूध उतू गेलं तरी म्हणायचे, "तिथे असं होत नाही." त्यांची बायको नलिनी गॅस बारीक करत मनात म्हणायची, तिथेही दूध तापवायला मीच होते.

नलिनीचं आपल्या नवऱ्याबद्दल एक ठाम मत होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात ते बदलावं असं त्यानं काही केलं नव्हतं. मत असं, की या माणसाला दिसतं सगळं, कळत काहीच नाही.

तर, घाण हटवायची असं शरच्चंद्रांनी ठरवलं. पण कुठली? पानाच्या पिचकाऱ्यांपासून त्यांनी सुरुवात करून पाहिली. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याला त्यांनी सिंगापूरचा कायदा समजावून सांगितला. रिक्षावाल्यानं तो तोंडात तोबरा धरून शेवटपर्यंत ऐकला, मग शांतपणे त्यांच्या सँडलपासून वीतभर अंतरावर आपलं उत्तर टाकलं आणि मीटर डाऊन केला. कुत्र्यांच्या मालकांशी बोलावं तर ते इंग्रजीत भांडतात. खोदकामवाल्यांना विचारावं तर त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं आपण काय शोधतोय. शेवटी शरच्चंद्रांना फुटपाथवरचा च्युइंग गम दिसला. काळा, चपटा, सिमेंटला चिकटलेला. सिंगापुरात याला साफ बंदी. आणि मुख्य म्हणजे च्युइंग गम उलटून बोलत नाही. शरच्चंद्रांना आपल्या तोलामोलाचा शत्रू मिळाला.

ते जेवताना म्हणाले, "आपल्या गेटबाहेरचा फुटपाथ बघ एकदा. कुणीतरी निर्लज्ज रोज थुंकतोय."

नलिनीनं त्यांना आमटी वाढली. तो निर्लज्ज तीच होती.

हे जरा मागे जाऊन सांगावं लागेल. नलिनीचं माहेर आचऱ्याकडचं. तिकडच्या तिच्या पिढीच्या बायकांना लग्नात भांडी, दागिने आणि मशेरीची डबी मिळायची. पहिल्या दोन गोष्टी सासरचे मोजून घ्यायचे, तिसरीवर बाई जगायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटानं दातांवर फिरवत बसायचं. तिची आई म्हणायची, "तोंडात मशेरी आसली काय तोंड गप ऱ्हवता, नि तोंड गप ऱ्हवला काय संसार ऱ्हवता." नलिनीचा राहिला. शरच्चंद्र निर्व्यसनी, त्यात आंघोळीला अर्धा तास आणि देवपूजेला पाऊण. तेवढ्यात तिचं काम व्हायचं. मशेरी ती एका जुन्या आयुर्वेदिक दंतमंजनाच्या पत्र्याच्या डबीत ठेवायची. शरच्चंद्रांनी ती डबी हजारदा पाहिली होती. चारचौघांत ते कौतुकानं सांगायचे की आमच्या सौभाग्यवतीनं टूथपेस्टला कधी हात लावला नाही, अजून दंतमंजन, म्हणून बघा दात कसे आहेत. लोक बघायचे. दात काळे होते. पण अधिकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांना ते मजबूत वाटायचे. हीच डबी नलिनीनं सिंगापूरच्या विमानतळावरूनही नेली, जिथे ती चीज सापडली असती तर दंड झाला असता. बाजूला शरच्चंद्र कस्टमच्या माणसाला तुमचा देश किती कायदेशीर आहे हे सांगत होते.

परत आल्यावर दाढ दुखली म्हणून ती दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिचा गाल आतून बघितला आणि एक पांढरा चट्टा आरशात दाखवला. आज सोडलंत तर बरं, नाहीतर पुढच्या खेपेला मी नाही, परळचे डॉक्टर बघतील, एवढंच त्या म्हणाल्या. परळ म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. बाईंनी एक गम लिहून दिला. निकोटिनचा. तलफ आली की चावायचा, थोडा वेळ गालात दाबून ठेवायचा, पुन्हा चावायचा, आणि महिन्यामहिन्यानं कमी करत जायचा. नलिनी श्रावणापासून तो चावू लागली. मशेरी बंद. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. जे करत होते तेच सांगितलं नव्हतं, ते सोडलं हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आता प्रश्न, चावून झाल्यावर टाकायचा कुठे? घरात कचऱ्याचे तीन डबे होते आणि शरच्चंद्र रोज सकाळी चिमटा घेऊन ते तपासायचे; ओल्यात सुकं गेलं तर जबानी घ्यायचे. एकदा तिनं चघळलेला गम कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, तो किल्लीला चिकटला आणि किल्ली नेमकी शरच्चंद्रांच्या हातात गेली. "हे काय?" त्यांनी विचारलं. "डिंक," ती म्हणाली, "लाडवांचा." त्यांनी मान डोलावली आणि पुढले चार दिवस लाडवांची वाट पाहिली. तिला शेवटी ते करावे लागले. कोपऱ्यावरची कचरापेटी होती, तर ती शरच्चंद्रांनीच अर्ज करकरून उचलायला लावलेली. पेटी असली की लोक कचरा टाकतात, असा त्यांचा अभ्यास होता. मग राहिला फुटपाथ. संध्याकाळी फिरायला निघाली की चव गेलेला गम नलिनी चिमटीत धरायची, इकडेतिकडे बघायची, वाकून चपलेचा बंद नीट केल्यासारखं करायची आणि पायानं दाबायची. काळ्यावर काळं. दोन दिवसांत मुलुंड त्याला आपल्यात घ्यायचं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना देवेश उगवला.

देवेश हा भावी नगरसेवक. हे त्याचं शिक्षण, धंदा आणि पत्ता, तिन्ही. गल्लीच्या दोन्ही टोकांना त्याचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याखाली 'भावी' असं लिहिलेलं. तो कुठल्या पक्षाचा भावी, हे तिकिटं जाहीर होईपर्यंत त्यानं मोकळं ठेवलं होतं. शरच्चंद्रांचं निवेदन त्यानं उभ्याउभ्या वाचलं आणि त्याला ते एकदम आवडलं. पाणी, गटार, फेरीवाले यांबद्दल काही म्हणावं तर कुणीतरी दुखावतं. च्युइंग गमला मतदार नसतो. त्यानं ओळखीतून एका कंत्राटदाराची मशीन मिळवली. मोठाल्या मॉलची अंगणं धुणारी. टेम्पोवर पाण्याची टाकी, डिझेलवर चालणारा बंब, लांबलचक पाइप आणि पुढे बंदुकीसारखी नळी. उकळतं पाणी एवढ्या जोरानं सुटायचं की म्हणे काँक्रीटला घाम फुटावा.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. उद्घाटन झालं. टेम्पोला हार घातला, फुटपाथवर नारळ फोडला, कुंकू सांडलं, पेढ्यांचे कागद उडाले. फुटपाथ धुवायच्या आधी तो नीट खराब करण्याची आपल्याकडे रीत आहे. मशीन चालवणारा सर्वेश दहिसरहून आला होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कानात गाणी, आणि तोंडात गुटख्याचा असा तोबरा की हो-नाही तो भुवयांनी करायचा. देवेशच्या भाषणाच्या मध्येच त्यानं गटाराच्या जाळीवर एक लांब लाल रेघ मारली. शरच्चंद्रांनी पाहिलं, पण तो च्युइंग गम नव्हता, त्यामुळे विषय आजच्या कार्यक्रमात बसत नव्हता.

मग मशीन घुरघुरली. वाफेचा लोट उठला. नळी एकेका काळ्या ठिपक्यावर धरायची, ठिपका फुगायचा, सुटायचा आणि नाहीसा व्हायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन आज्यांनी पदर सावरत गरम पाण्यात पाय शेकून घेतले. शरच्चंद्रांचे डोळे भरून आले, वाफेमुळेही असेल.

पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. डिझेल जपायचं म्हणून सर्वेशला सांगितलं होतं, फक्त गम उडवायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. त्यानं तंतोतंत तेच केलं. दुपारी फुटपाथ वाळला तेव्हा जिथे जिथे काळा गम होता तिथे तिथे आता पांढराशुभ्र गोल होता. त्या फुटपाथचा मूळ रंग काय, हे गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाकी सगळं पूर्वीसारखंच काळंकुट्ट.

नलिनीनं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहिलं आणि तिच्या हातातला वाळत घालायचा टॉवेल तसाच राहिला. आपलं श्रावणापासूनचं फिरणं तिला खाली लख्ख दिसत होतं. गेटबाहेर पहिला ठिपका. मग गुलमोहराच्या आळ्याजवळ तीन-चार, कारण तिथे बंद नीट करायला आडोसा बरा होता. पुढे ओळीनं, बँकेवरून, बसस्टॉपच्या बाकाशी घोळका करून, थेट मेडिकलच्या पायरीपर्यंत. काळं होतं तेव्हा कुणाच्या बापाला दिसलं नव्हतं. स्वच्छ केलं आणि वाट लागली.

संध्याकाळी शरच्चंद्रांनी सगळ्यांना गेटपाशी जमवलं. पहिल्या ठिपक्याशी उभं राहून ते खालच्या आवाजात म्हणाले की गुन्हेगार याच गेटातून निघतो. लोकांनी एकमेकांच्या तोंडांकडे पाहिलं. तळमजल्यावरच्या वसुधाबाईंनी लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या श्रुतिकाकडे बघून घेतलं. ही मुलगी अंधेरीला नोकरी करायची, जीन्स घालायची आणि गम चघळायची. वसुधाबाईंच्या लेखी या तिन्हींत विशेष फरक नव्हता. शरच्चंद्रांनी तिला सगळ्यांसमोर पुढे बोलावून विचारलं, तेव्हाही ती चघळतच होती.

"काका, खाते ना मी," ती म्हणाली. "पण मी आयुष्यात कधी या फुटपाथवरून चाललेय का? गेटमधून स्कूटर काढते ती डायरेक्ट स्टेशन. हा कुणीतरी चालणारा आहे. रोज, हळूहळू, थांबत थांबत. म्हातारं माणूस असणार बघा."

मागे उभी असलेली नलिनी वसुधाबाईंच्या आड सरकली. त्यातही 'म्हातारं' तिला लागलंच.

वसुधाबाईंना हा युक्तिवाद पटला नाही. आजकालच्या मुली बोलायला हुशार असतात, असं त्या म्हणाल्या. शरच्चंद्रांनी मात्र निकाल राखून ठेवला. हा माग पुढे कुठे जातो ते त्यांनी मुद्दामच पाहिलं नव्हतं. प्रेक्षकांशिवाय त्यांना शिंकसुद्धा धड यायची नाही. ते सगळं उद्या संध्याकाळी, देवेशच्या मोबाइलवर शूटिंग करत, सर्व सभासदांच्या साक्षीनं. ठिपका ते ठिपका चालत जायचं आणि शेवटी जे दुकान किंवा घर येईल तिथे चौकशी करायची. देवेश म्हणाला, लाइव्ह करू.

शेवटी येणार होता मेडिकलवाला. त्याला दोन देणग्या होत्या, एक स्मरणशक्ती आणि दुसरी आवाज. नलिनी रस्त्याच्या पलीकडे दिसली तरी तो ओरडायचा, "काकी, तुमचा निकोटिन आला!"

त्या रात्री नलिनीनं सांगून टाकायचाही विचार केला. नवरा चिडेल याची तिला भीती नव्हती. चिडलेले शरच्चंद्र हे तिला जेवणातल्या लोणच्यासारखे झाले होते. भीती होती ती ते खूश होतील याची. त्यांना ती लख्ख दिसली, फ्लेक्सवर. एका बाजूला देवेश, दुसऱ्या बाजूला शरच्चंद्र, मधे तिचा फोटो आणि खाली 'मशेरीमुक्त महिला'. मग महिला मंडळांत तिला उभं करून तिचे दात दाखवणं आलं. सकाळी चहाबरोबर तिचे गम मोजणं आलं. हे व्यसन तिचं होतं आणि ते सोडणंही तिचंच होतं. यांनी हात लावला असता तर ती आठवड्याच्या आत पुन्हा मशेरीवर गेली असती, आणि मग परळ.

सकाळी टेम्पो समोरच्या बाजूच्या कामाला आला. शरच्चंद्र देवेशकडे संध्याकाळची आखणी करायला गेले होते. नलिनी स्वयंपाकघरात उभी राहिली. दिवाळीची साफसफाई निघालेलीच होती. वर भिंतीत एक्झॉस्ट फॅन होता, वर्षभराच्या तळणाचा काळा चिकटा पात्यांवरून ओघळून गोठलेला. तिनं तो शेजारच्या वायरमनकडून उतरवून घेतला, बादलीत घातला आणि खाली गेली.

"काय रे, किती गरम असतं हे पाणी?"

सर्वेशला उत्तरासाठी तोंड मोकळं करावं लागलं. ते त्यानं गटारात केलं. "काकी, कोंबडी सोलून निघेल."

"मग माझा पंखा सोल. तिकडे नको. इथे, गेटसमोर ठेवते."

तिनं पंखा पहिल्या ठिपक्याच्या वरच्या अंगाला ठेवला. सर्वेशनं नळी धरली. वर्षभराचं तेल, धूर, फोडण्या आणि माशांचा वास काळ्या लाटेनं सुटला, ठिपक्यावरून पसरला आणि खाली झिरपत गेला. पंखा पांढरा झाला. ठिपका गेला. जणू तो कधी नव्हताच.

वसुधाबाईंनी खिडकीतून पाहिलं. फुकट काही चाललं असेल तर त्यांना झोपेतही कळायचं. त्या चिमणीच्या दोन जाळ्या घेऊन धावत आल्या, पण गेटपाशीच ठेवू लागल्या. नलिनीनं त्यांना प्रेमानं गुलमोहराच्या आळ्यापाशी बसवलं, तिथे उतार बरा आहे म्हणून. मग बातमी पसरली. गल्लीतल्या सगळ्या बिल्डिंगांतून पंखे, शेगड्या, तवे, फराळाच्या कढया, कूलरच्या जाळ्या आणि कुणाच्या तरी सासऱ्यांची कमोडची खुर्चीसुद्धा खाली उतरली. नलिनी एकेकीला जागा नेमून देत होती, हळदीकुंकवाला सतरंजीवर बसवावं तशी. तुम्ही बँकेसमोर. तू गं, बसस्टॉपच्या बाकाशी, नीट मधोमध. वडापावच्या गाडीवाल्यानं कढई आणली. ती बहुधा गाडी लागली त्या दिवसापासून कधी घासलेली नव्हती. तिच्या आतल्या भिंती बाहेरच्यांपेक्षा जाड होत्या. त्याला नलिनीनं थेट मेडिकलच्या पायरीशी पाठवलं. त्या एका कढईनं दुकानापुढला सगळा फुटपाथ डांबरासारखा केला. मेडिकलवाला बाहेर येऊन ओरडत होता, पण मशीनच्या आवाजात त्याचं काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

सर्वेशला चहा, चकली आणि माणशी दहा-वीस रुपये मिळत होते. त्यानं समोरच्या बाजूचं काम सोडून दिलं. डिझेल संपलं तसं त्यानं आणखी आणवलं.

संध्याकाळी शरच्चंद्र, देवेश आणि मंडळी माग काढायला गेटपाशी आली तेव्हा मागच नव्हता. फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, तुकतुकीत काळा. त्याला भज्यांचा वास येत होता. शरच्चंद्र खाली वाकले, उभे राहिले, पुन्हा वाकले. "इथेच होता," ते म्हणाले. लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि हळूच आपापल्या जाळ्या वाळल्या का ते बघायला गेले.

देवेशला मात्र वेळ लागला नाही. एवढ्या बायका एवढ्या खूश त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. मोबाइल त्यानं फुटपाथवरून वर उचलला आणि चकाकत्या पंख्यांकडे वळवून तो म्हणाला की खास दिवाळीनिमित्त आपल्या माताभगिनींसाठी आपण ही मोफत सेवा आणली आहे. शरच्चंद्र त्या शूटिंगमध्ये मागे दिसतात. रिकाम्या फुटपाथकडे बोट दाखवताना.

श्रुतिका स्कूटर लावत होती. तिनं काळ्या फुटपाथकडे पाहिलं, मग नलिनीच्या बादलीतल्या पंख्याकडे, मग नलिनीच्या जबड्याकडे, जो त्या वेळी अगदी सावकाश हलत होता. "काकी," ती जवळ येऊन म्हणाली, "पंखा झकास निघाला." आणि वर निघून गेली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. नलिनीला आजकालच्या मुलींबद्दल थोडं बरं वाटलं.

हरले तर ते शरच्चंद्र कसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वखर्चानं एक लोखंडी पेटी करून गेटवर बसवली. तिच्यावर रंगात लिहिलं होतं, 'गमपेटी. चघळा, पण इथे टाका. सौजन्य : शरच्चंद्र मिठबावकर.' कोपऱ्यावरची जी पेटी त्यांनी उचलायला लावली होती तिच्या जागेपासून ही पन्नास पावलांवर होती, पण हे त्यांना सांगायला गल्लीत कुणाला वेळ नव्हता.

पहिले काही दिवस नलिनीनं तिच्याकडे बघितलंही नाही. मग तिला वाटलं, ज्या माणसाला चाळीस वर्षांत माझे दात कळले नाहीत त्याला माझा गम काय कळणार. एका संध्याकाळी तिनं चपलेचा बंद नीट केला नाही. पेटीचं झाकण उघडलं, सौजन्याच्या नावाखाली गम टाकला आणि फिरायला गेली. कंबरेलाही आराम पडला.

आता सकाळी चिमट्याला नवं काम आलं. गमपेटी उघडायची, आतला माल वर्तमानपत्रावर घ्यायचा आणि नाश्त्याला अहवाल द्यायचा. एकदा त्यांनी एक तुकडा तिच्या बशीजवळ आणून दाखवला. "हिरवट आहे बघ. साधा बबलगम नाही. परदेशी दिसतोय." नलिनी म्हणाली, "असेल. पोहे गार होतायत." दिवाळीनंतर अहवाल सुधारू लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ती एकेक कमी करत होती, आणि इकडे शरच्चंद्र जनजागृतीचा परिणाम दिसतोय म्हणत होते. मार्गशीर्षात आणखी घट झाली. त्यांनी सिंगापूरला फोन करून लेकीला, मनालीला, सांगितलं की लोकांना दंडाची गरज नसते, समजावणारा माणूस लागतो. मनाली तिकडून म्हणाली, बाबा, आई कशी आहे? ते म्हणाले, ती बरी आहे, तिचं काय.

काही दिवस नलिनीचे वाईटही गेले. हात आपोआप दंतमंजनाच्या डबीकडे जायचा. एका सकाळी तर ती डबी उघडून नाकाशी धरून उभी होती, आणि आतून शरच्चंद्रांची आरती शेवटच्या कडव्याला आली होती. तिनं झाकण लावलं. हट्टानं नाही; पुन्हा तलफ वाढली तर गमही वाढणार, आणि यांनी पेटीत जास्त सापडले म्हणून तोंड पाडून बसू नये, असं काहीसं तिच्या डोक्यात आलं आणि स्वतःचंच तिला हसू आलं.

पौषात एका सकाळी गमपेटी रिकामी निघाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शरच्चंद्रांनी हात घालून कोपरे चाचपले.

सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि सत्यनारायण एकत्रच असतो. एका शिऱ्यात दोन्ही होतात. त्यातच शरच्चंद्रांचा सत्कार ठरला. देवेश आला होता. तिकीट त्याला कुठल्याच पक्षानं दिलं नव्हतं, त्यामुळे तो अजूनही भावीच होता. शरच्चंद्र अर्धा तास बोलले. व्यसन हे बाहेरून सोडवावं लागतं, असं त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. नलिनी पहिल्या रांगेत शिऱ्याचा द्रोण धरून बसली होती. तोंडात काहीच नव्हतं, त्यामुळे तिला सगळं नीट ऐकू येत होतं.

शाल-नारळ द्यायचं काम श्रुतिकाकडे आलं होतं. सत्कार जोडीनं करायचा म्हणून तिनं नलिनीकाकींना वर बोलावलं. नारळ तिनं शरच्चंद्रांच्या हातात दिला. शाल उलगडली, आणि त्यांनी मान पुढे केलेली असताना ती नलिनीच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. शरच्चंद्रांनी थोडा वेळ मान तशीच पुढे ठेवली.

लिफ्टमध्ये ते म्हणाले, "त्या पोरीला काही समज नाही. शाल चुकून तुला घातली."

"हो का?" नलिनी म्हणाली. "मला नाही तसं वाटलं."

"घडी करून कपाटात ठेव."

"राहू दे. ऊब आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ-पूजा आटोपून शरच्चंद्र चिमटा घेऊन डब्यांपाशी बसले. सुक्या कचऱ्यात सगळ्यात वर दंतमंजनाची डबी होती. नलिनी गॅसपाशी पाठमोरी उभी राहिली. तिनं ती डबी मुद्दाम पुरली नव्हती, झाकली नव्हती, धुतलीही नव्हती. चाळीस वर्षांनी एकदा काय ते बघून घे बाबा, असं तिला वाटलं होतं.

शरच्चंद्रांनी डबी उचलली. उघडली. आत काळी पूड होती, तिच्याकडे पाहिलं. नाकाशी नेली. नलिनीच्या हातातला पोह्यांचा झारा थांबला.

"नलिनी," ते म्हणाले, "किती वेळा सांगितलं? पत्रा वेगळा टाकायचा."